शेंद्र्यात जोडलेली गाडी, ऑडी टीटीचं इंजिन: ऑक्टाव्हिया आरएसची ताकद आणि दुखणी

(लातूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर लातुरात व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असणार. आपल्या रस्त्यावर बोलेरो दिसते, ट्रॅक्टर दिसतो, उसाची ट्रॉली दिसते. स्पोर्ट्स कार दिसली तर पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं की हे इंजिन आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. ऑडी टीटी नावाची जर्मन स्पोर्ट्स कार १९९८ साली आली. तिच्यात जे १.८ लिटरचं टर्बो इंजिन होतं, त्याच घराण्यातलं इंजिन स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये बसलं, आणि ती गाडी २००४ साली भारतात विकायला आली. तिची जोडणी कुठं झाली? शेंद्र्याला. औरंगाबादजवळची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळची शेंद्रा एमआयडीसी. आपल्याच मराठवाड्यात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ही गाडी आता वीस वर्षांची झाली. सेकंडहँड बाजारात ती नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशात मिळते. तरुण मुलं हौसेनं घेतात, कुणी कर्ज काढून घेतात. आणि सहा महिन्यांत इंजिन उघडावं लागतं. मग सगळे म्हणतात, युरोपियन गाडीच वाईट. माझं म्हणणं एवढंच आहे की हे इंजिन कसं चालतं आणि कुठं कुठं दुखतं हे आधी कळलं, तर यातलं निम्म्याहून जास्त नुकसान टळतं. म्हणून आज आपण आधी तब्येत बघू, मग दुखणी, आणि शेवटी औषध.

आकडे काय सांगतात

चार सिलेंडर आहेत. प्रत्येक सिलेंडरचा व्यास, ज्याला आपले फिटर बोअर म्हणतात, तो ८१ मिलिमीटर. पिस्टन वरखाली जातो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, ८६.४ मिलिमीटर. इथं इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत, त्यांनी हिशेब करून बघा. एका सिलेंडरचं आकारमान साधारण ४४५ घन सेंटिमीटर येतं, चाराने गुणा, १७८१. हेच ते १.८ लिटर. मारुतीच्या आणि ह्युंदाईच्या गाड्यांची इंजिनं आकारानं याच्या फार मागं नाहीत. मग हे वेगळं कशात?

पहिली गोष्ट, वॉल्व्ह. साध्या आधुनिक इंजिनात एका सिलेंडरला चार वॉल्व्ह असतात. याच्यात पाच आहेत. तीन हवा आत घ्यायला, दोन धूर बाहेर टाकायला. चार सिलेंडरचे मिळून वीस. म्हणून जाणकार याला वीस वॉल्व्हचं इंजिन म्हणतात. आकडा लक्षात ठेवा, पुढं तो महागात पडणार आहे.

दुसरी गोष्ट, टर्बो. बाहेर जाणाऱ्या गरम धुरात एक छोटी पंखी बसवलेली असते. धुराच्या जोरानं ती फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी पंखी, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. ही पंखी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. इंजिन सहा-सात हजार फेरे घेतं तेव्हा आपण गाडी बोंबलते म्हणतो, ही बिचारी दीड लाखांवर जाऊन गप्प असते.

भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसची ताकद होती १५० पीएस, ५७०० आरपीएमला. टॉर्क २१० न्यूटन मीटर, आणि तो १७५० आरपीएमपासूनच हजर. युरोपात विकलेल्या आरएसला हेच इंजिन १८० पीएसचं होतं. ऑडी टीटीत १८० आणि २२५ असे प्रकार होते. फॉर्म्युला पामर ऑडी नावाच्या इंग्लंडमधल्या शर्यतीच्या गाड्यांत याच इंजिनातून सुमारे ३०० अश्वशक्ती काढायचे. म्हणजे लोखंडी ब्लॉक मूळचा किती दणकट आहे ते बघा. इंजिनाचा सांगाडा कच्चा नाही. दुखतं ते त्याच्या आजूबाजूचं.

टर्बोचा आपल्याला आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. इथं हवा मुंबईपेक्षा विरळ. त्यात मे महिन्यात पारा ४२ वर गेला की ती आणखी विरळ होते. २० अंशाच्या तुलनेत ४२ अंशाला हवेची घनता साधारण सात टक्के कमी भरते. साधं इंजिन हे सगळं नुकसान मुकाट्यानं सोसतं, टर्बो मात्र हवा दाबून बरंचसं भरून काढतो. पण फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा इंजिनाला त्रास देते. आता दुखण्यांकडं वळू.

पहिलं दुखणं: टायमिंग बेल्ट

समजा गाडी ३००० आरपीएमवर शांतपणे चालली आहे. अहमदपूर रोडनं निघालात, गाणी लावली आहेत. त्या वेळी प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. पिस्टन वर येतो त्याच्या आधी वॉल्व्ह बंद झालेला हवा. ही वेळ सांभाळतो कोण? एक दातेरी रबरी पट्टा. तोच टायमिंग बेल्ट. तो खालचा क्रँक आणि वरचा एक कॅमशाफ्ट यांना बांधून ठेवतो. दुसरा कॅमशाफ्ट मागच्या बाजूला एका छोट्या चेननं फिरतो.

पट्टा तुटला किंवा त्याचा टेन्शनर बसला, तर कॅम जागच्या जागी थांबतो. पिस्टन मात्र गाडीच्या वेगानं वरखाली होतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर आपटतात. वॉल्व्ह वाकतात. किती? वीसपैकी जेवढे उघडे सापडतील तेवढे. मघाचा आकडा आता आठवा. हेड उतरवायचं, वॉल्व्ह बदलायचे, गाईड बघायचे, गास्केट नवीन. बेल्टच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च. त्यापेक्षा वाईट म्हणजे, हे होतं तेव्हा इंजिन एकदम बंद पडतं. मागं ट्रक असेल तर? पॉवर स्टीअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते. हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि पट्टा तुटण्याआधी सांगत नाही. आवाज नाही, धूर नाही. कालपर्यंत छान चाललेली गाडी आज संपते.

आपल्याकडं चूक कुठं होते? लोक किलोमीटर बघतात. म्हणतात, पंधरा वर्षांत साठ हजारच चालली, बेल्ट कशाला बदलू? अहो, रबर वयानंही मरतं. उन्हानं, उष्णतेनं, धुळीनं, तेलाच्या थेंबानं मरतं. चार-पाच वर्षं किंवा नव्वद हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते धरायचं. आणि नुसता पट्टा बदलायचा नाही. टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलायचे.

वॉटर पंप का? कारण तो याच पट्ट्यावर फिरतो. जुन्या पंपांतली आतली पंखी प्लास्टिकची असायची. ती कालांतरानं तडकते किंवा दांड्यावर नुसती घसरते. बाहेरून पंप फिरताना दिसतो, आत पाणी हलत नाही. गाडी तापते आणि मिस्त्री थर्मोस्टॅट बदलत बसतो. नवा पंप घेताना धातूच्या पंखीचा मागा.

दुसरं दुखणं: ऑईलचा चिखल

टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका बाजूला आठ-नऊशे अंशाचा धूर, आणि अगदी जवळच ते ऑईल. साधं ऑईल तिथं जळतं, त्याची काजळी होते. काजळी खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते, घट्ट होते, चिखल होतो. चेंबरमध्ये ऑईल ओढून घेणारी जाळी असते, ती चिखलानं बुजते. जाळी बुजली की वर ऑईल पोचत नाही. आधी टर्बो जातो, मग कॅम, मग बेअरिंग.

अमेरिकेत हा प्रश्न एवढा गाजला की फोक्सवॅगन पसाट आणि ऑडी ए४ या गाड्यांच्या याच इंजिनासाठी कंपनीला २००४ मध्ये आठ वर्षांपर्यंत वाढीव वॉरंटी द्यावी लागली. त्या गाड्यांत इंजिन उभं बसतं आणि ऑईल कमी मावतं. ऑक्टाव्हियात आणि टीटीत ते आडवं बसतं, ऑईल जास्त मावतं, म्हणून त्रास कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

औषध सोपं आहे. पूर्ण सिंथेटिक ऑईल, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२ ०० हे मानक छापलेलं बघून. आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत सात-आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदल. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. लांबचं दामटून आलात की शेवटचा एक किलोमीटर हळू चालवा, म्हणजे टर्बो निवतो. आणि डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तिथंच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. त्या दिव्यानंतरचे दोन किलोमीटर इंजिनाची किंमत घेतात.

तिसरं दुखणं: कॉईल आणि मिसिंग

गाडी चढावर झटके देते, मिसिंग मारते, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. या इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉईल असते. शतकाच्या सुरुवातीच्या काही कॉईल कच्च्या निघाल्या. २००३ साली अमेरिकेत फोक्सवॅगन आणि ऑडीला लाखो गाड्यांच्या कॉईल बदलून द्याव्या लागल्या. आज बाजारात मिळणाऱ्या सुधारलेल्या कॉईल चांगल्या आहेत, फक्त नकली मालापासून सांभाळा.

लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल धुराच्या पाईपमध्ये जातं आहे. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. कॉईल काही हजारांत येते, कन्व्हर्टरचं बिल त्याहून फार मोठं. तपासायची युक्ती जुनी आहे. स्कॅनरवर पी०३०२ दिसलं म्हणजे दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसिंग. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावा. आता पी०३०३ आलं, तर दोष कॉईलचा. नाही आलं, तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा.

चौथं दुखणं: रबरी पाईप आणि हवेची गळती

टर्बो इंजिनात हवेचे, वाफेचे, व्हॅक्यूमचे पुष्कळ छोटे पाईप असतात. वीस वर्षांच्या उष्णतेनं ते बिस्किटासारखे होतात, हात लावला की तुटतात. कुठं एक चीर पडली की टर्बोनं दाबलेली हवा तिथून निसटते. पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं, आयडलिंग हलतं. याच घरातला आणखी एक भाग म्हणजे डायव्हर्टर वॉल्व्ह. त्यातला रबरी पडदा फाटला की ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी विचित्र वागते. लोक म्हणतात टर्बो गेला, आणि नवा टर्बो घालतात. खरं दुखणं छोट्या वॉल्व्हचं असतं. म्हणून टर्बोवर खर्च करायच्या आधी स्मोक टेस्ट करून घ्या. पाईपमध्ये धूर सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथं गळती. एवढं साधं आहे.

पाचवं दुखणं: पाणी

लातूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते तुम्ही स्वतः भरलं आहे. बाकीच्या वेळी आपला आधार बोअरचा. आणि बोअरचं पाणी जड. घरच्या गीझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो तो बघितला आहे ना? तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे गंज ठरलेला. कुलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात ती यासाठीच. शिवाय कुलंट घातल्यानं पाण्याचा उकळबिंदू वाढतो. आपण काय करतो? पातळी कमी दिसली की हौदातलं तांब्याभर पाणी ओततो. तसं दोन-तीन वेळा झालं की आत कुलंट उरतच नाही. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि सारखी पातळी कमी होत असेल तर भरत बसण्याऐवजी गळती शोधा. हेडला कुलंटचा पाईप जोडणारी प्लास्टिकची फ्लँज तडकणं हे नेहमीचं.

गाडी घेताना

कुणी अशी गाडी दाखवली तर सकाळी जा, इंजिन गार असताना. आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. ऑईलचं झाकण उघडून आत बघा, काळा लगदा दिसला तर परत फिरा. कुलंटच्या टाकीत गंजाचं तांबडं पाणी दिसलं, तर भाव पाडा नाहीतर सोडा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं तारखेसह बिल मागा. बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. घेतल्यावर पहिलं काम बेल्टचं, म्युझिक सिस्टीम नंतर.

कागदही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं आरटीओत पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर आहे. ते झालं आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

आणि गाडीच्या किमतीएवढे नाही, पण तिच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर ही गाडी घेऊ नका. कर्जाचा हप्ता आणि इंजिनाचं बिल एकाच महिन्यात आलं की घर हलतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, रीमॅप करून पॉवर वाढवावी का?*

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून हे इंजिन सहज १८० च्या पुढं जातं, ते खोटं नाही. पण जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णतेनं पेट्रोल वेळेआधी पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितका जास्त तितकं पेट्रोल याला टिकतं. ही गाडी आली तेव्हा आपल्या साध्या पेट्रोलची किमान मर्यादा ८८ होती, भारत स्टेज ३ पासून ती ९१ झाली. हे इंजिन घडलं ते युरोपच्या ९५-९८ ऑक्टेनवर. इंजिन नॉकिंग ऐकून स्वतःची टायमिंग मागं घेतं, म्हणून ते टिकतं. रीमॅपमध्ये ही सवड कमी होते. फार टॉर्क काढला तर कनेक्टिंग रॉड वाकतात. आधी बेल्ट, ऑईल, पाईप, कुलंट सगळं शंभर टक्के करा. नुसतं तेवढं केलं तरी गाडी इतकी बदलते की बहुतेकांना रीमॅपची गरज वाटत नाही.

*आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाडीचं काय?*

हे आपल्या मांजरा पट्ट्याच्या जिव्हाळ्याचं आहे, कारण इथेनॉल उसातून येतं. दोन्ही बाजू सांगतो. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, नॉकिंगच्या दृष्टीनं टर्बो इंजिनाला ते बरंच. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात हिशेबानं लिटरमागे सहा-सात टक्के कमी येते, तेवढा ॲव्हरेज पडू शकतो. आणि २००४ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही. पेट्रोलचे रबरी पाईप आणि सील इथेनॉलला टिकणारे घालून घ्या, दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचा वास येतो का बघा. टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गरम टर्बोजवळ पेट्रोलचा पाईप पाझरला तर आग लागते. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

*लातुरात हे काम करणारे मिस्त्री मिळतील का?*

मिळतात, पण परीक्षा घ्या. टायमिंग लॉक करायचं टूल आहे का, स्कॅनर कोणता आहे, एवढं विचारा. "अंदाजानं खूण मारून बसवतो" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा. दुसरीकडं, हे सगळं आपल्या आयटीआयच्या मुलांना शिकता येईल असंच आहे. टर्बो पेट्रोल आता छोट्या छोट्या गाड्यांतही आला आहे. बेल्ट, ऑईल, कुलंट, गळती, यांचे नियम तिथंही हेच राहणार. जो पोरगा हे नीट शिकेल त्याला काम कमी पडणार नाही.

वेळ संपली आहे. ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे त्यांनी घरी गेल्यावर बेल्टचं बिल शोधा. नाही सापडलं, तर उद्या गाडी बाहेर काढू नका, आधी मिस्त्रीला फोन करा.